वाल्देमार हाफकिन : परळच्या प्रयोगशाळेतील एक परका माणूस

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वसतिगृहाच्या कार्यालयापुढे पालकांची रांग लागते. कुणी उमरेडकडून आलेले असते, कुणी भंडाऱ्याकडून, तर कुणी नागपुरातल्याच उत्तरेकडच्या वस्तीतून. हातात लोखंडी पेटी, गुंडाळलेली सतरंजी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद असतात. दाखला, जातीचे प्रमाणपत्र आणि घड्या पडून विरत चाललेले लसीकरणाचे कार्ड. पहिल्या दोन कागदांची किंमत आपल्या समाजाला ठाऊक आहे, कारण ते मिळविण्यासाठी आपल्या मागच्या पिढ्या झगडल्या. तिसऱ्या कागदामागेही एक मोठा झगडा आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. त्या झगड्यातील एका माणसाचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

त्या माणसाचे नाव वाल्देमार मॉर्डेकाई हाफकिन. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्था बहुतेकांनी ऐकलेली असते. सर्पदंशावरील औषध आणि पोलिओचे थेंब तयार करणारे ठिकाण म्हणून ती सर्वांच्या परिचयाची आहे. पण हाफकिन हे एका हाडामांसाच्या माणसाचे नाव आहे, त्याने आपल्याच महाराष्ट्रात आपल्याच गोरगरिबांसाठी स्वतःच्या दंडात विषारी जंतूंचा अर्क टोचून घेतला, आणि पुढे न केलेल्या अपराधाचा डाग कपाळी घेऊन त्याला हा देश सोडावा लागला, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही.

परळ म्हटले की आपल्या मनात प्रथम येते ती बाबासाहेबांची बी. आय. टी. चाळ. पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकांच्या त्या दोन खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब सुमारे वीस वर्षे राहिले. ती चाळ बांधणारी मुंबई सुधार समिती, म्हणजेच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १८९८ साली स्थापन झाली ती प्लेगमुळे. कोंदट, अंधाऱ्या, सांडपाण्याने वेढलेल्या वस्त्यांतून मृत्यू शहरभर पसरत गेला, तेव्हा सरकारला रुंद रस्ते, मोकळी हवा आणि कामगारांसाठी चाळी यांची आठवण झाली. ज्या साथीने ती चाळ उभी राहिली, त्याच साथीवरची लस पुढे त्याच परळमध्ये तयार होऊ लागली. त्यामुळे हाफकिन यांचे चरित्र आपल्या इतिहासाच्या वाटेवरच उभे आहे. ते शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरी एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी झाला. ओडेसा तेव्हा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. त्या साम्राज्यात ज्यू असणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना विस्ताराने समजावून सांगण्याची गरज नाही. कोठे राहावे, कोणता धंदा करावा, कोणत्या शाळेत किती मुलांनी शिकावे, यांवर जन्मानुसार बंधने होती. १८८१ साली झारची हत्या झाली आणि दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसा विद्यापीठात शिकणारा तरुण हाफकिन तेव्हा आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत होता. तो जखमी झाला, आणि अटकही त्यालाच झाली. मार खाणाऱ्यालाच आरोपी करण्याची ही रीत आपल्या देशातही अनोळखी नाही. त्याचे गुरू, प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह यांनी मध्ये पडून त्याला सोडविले. पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच मेच्निकॉव्ह.

हाफकिन यांनी १८८४ साली निसर्गविज्ञानात पदवी संपादन केली आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात ते काम करू लागले. बुद्धी होती, अभ्यास होता, गुरूंचा आशीर्वाद होता. विद्यापीठातील अध्यापकाची जागाही मिळू शकत होती. अट एकच होती, ज्यू धर्म सोडून रशियाच्या राजधर्माची दीक्षा घ्यावी. हाफकिन यांनी ती नाकारली.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या नगरीत लाखो माणसांनी आपला जुना धर्म टाकला, त्या नगरीत राहून आम्ही हे लिहीत आहोत. धर्म सोडण्यात आपल्या समाजाने मुक्ती पाहिली. मग धर्म न सोडणाऱ्या या माणसाचे कौतुक आपण का करावे? आमच्या वर्गातील एका चुणचुणीत विद्यार्थिनीने हा प्रश्न आम्हांस विचारला होता, आणि त्याचे उत्तर शोधताना आमचाही विचार स्पष्ट झाला. हाफकिन यांना जे धर्मांतर देऊ केले होते ते खुर्चीच्या मोबदल्यात होते. ते स्वीकारले असते तर जन्मावरून माणसाला कमी लेखणारी व्यवस्था होती तशीच राहिली असती. केवळ एक माणूस त्या व्यवस्थेच्या आत शिरला असता. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास घोषणा केल्यानंतर अनेक धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांना नाना तऱ्हेची आमिषे दाखविली. ती बाजूला सारून त्यांनी एकवीस वर्षे विचार केला आणि जेथे देण्याघेण्याचा व्यवहार नव्हता असा मार्ग निवडला. एकाने धर्म सोडला नाही, दुसऱ्याने सोडला; परंतु आपला स्वाभिमान विकायला दोघेही तयार झाले नाहीत. या दोन निर्णयांतील नाते हेच आहे.

१८८८ साली हाफकिन यांनी रशिया सोडला. प्रथम जिनिव्हा येथे त्यांनी अध्यापनाचे काम केले, आणि १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तेथे जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. ती त्यांनी घेतली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशी बसायचे, असा त्यांचा क्रम होता. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी रात्रपाळीची नोकरी करून पदव्या घेतल्या आहेत. त्यांना हा क्रम परका वाटणार नाही.

त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, हा जगाचा मोठा शत्रू होता. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या तळ्यांच्या पाण्यात त्याचे जंतू दाखवून दिले होते, पण त्यावर खात्रीची लस कोणाजवळ नव्हती. हाफकिन यांनी गिनीपिगच्या शरीरातून एकामागून एक अशा कित्येक फेऱ्यांत जंतू वाढवून त्यांची तीव्रता स्थिर केली. दुसरीकडे ऊब आणि हवा यांच्या साहाय्याने त्याच जंतूंचे सौम्य रूप तयार केले. आधी सौम्य लस टोचायची, काही दिवसांनी तीव्र. प्राण्यांवर हा प्रयोग यशस्वी झाला. माणसावर कोणी करायचा? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी पहिली टोचणी स्वतःलाच घेतली. अंगात ताप भरला, टोचल्या जागी वेदना झाल्या, पण ते वाचले. त्यानंतर मित्रांनी टोचून घेतले. विशेष म्हणजे हाफकिन वैद्यकीय पदवीधर नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. ही गोष्ट पुढे त्यांच्या विरोधकांनी कधीच विसरली नाही.

१८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास उतरले. पुढच्या दोन वर्षांत उत्तर भारतात, बंगालमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांत फिरून त्यांनी सुमारे ४२ हजार माणसांना पटकीची लस टोचली. १८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत साथ लागली. तळ्याकाठची दाटीवाटीची ती झोपडपट्टी. वस्तीतील सुमारे २०० जणांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे १० जणांना पटकी झाली, ७ दगावले, आणि ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. गोऱ्या माणसाविषयी वस्तीत संशय होता आणि तो निराधारही नव्हता. तो दूर झाला तो हुकमाने नव्हे. हाफकिन यांच्यासोबतच्या भारतीय डॉक्टरांनी वस्तीच्या डोळ्यांदेखत आधी स्वतःला टोचून घेतले, मग माणसे पुढे आली. लस कोणावरही लादू नये, पाहून, समजून, पटवून घेऊनच ती घ्यावी, ही हाफकिन यांची भूमिका होती. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आमच्या शाळेत प्रत्येक मुलास ठाऊक असतो. परंपरा म्हणून नव्हे, कोणी मोठा सांगतो म्हणूनही नव्हे, तर स्वतः पारखून जे हितकर दिसेल ते स्वीकारावे. त्या वस्तीत नेमके तेच घडले.

आसामच्या मळ्यांत हाफकिन यांना हिवतापाने गाठले. प्रकृती ढासळल्याने ते युरोपला गेले आणि १८९६ साली परत आले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा पहिला रोगी ओळखला. प्लेग आला होता. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे, आणि गोदामे म्हणजे उंदीर. उंदीर मरू लागला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाकडे येते आणि तिच्या दंशातून जंतू शरीरात शिरतात. काखेत, जांघेत गाठ येते, ताप चढतो आणि काही दिवसांत माणूस जातो. पिसूचा हा वाटा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिला. १८९६ साली मात्र कोणालाच तो ठाऊक नव्हता. लोक घरे धुवीत होते, सामान जाळीत होते, आणि लाखोंच्या संख्येने मुंबई सोडून पळत होते.

या पळापळीत एक गोष्ट घडली, ती आपल्या समाजाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. शहरातील सफाई कामगार, ज्यांना तेव्हा हलालखोर म्हणत, तेही निघून जातील या भीतीने मुंबईचा कारभार हादरला. त्यांनी हात आखडला तर शहर आठवडाभरही टिकणार नाही, हे महापालिकेच्या आयुक्तांना कळून चुकले, आणि रोग्यांना सक्तीने हलविण्याचे कडक नियम त्यांना त्या भीतीपोटी सैल करावे लागले. एरवी ज्यांची सावलीही नको होती, त्यांच्या श्रमावर सारे शहर उभे आहे, हे त्या शरद ऋतूत शहराला उमगले. साथ ओसरल्यावर शहर ते विसरले, ही गोष्ट निराळी.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या साहित्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. बोकडाच्या मटणाच्या अर्कात त्यांनी जंतू वाढविले. गाय आणि डुक्कर यांचे मांस त्यांनी कटाक्षाने टाळले, कारण ही लस हिंदू आणि मुसलमान दोघांनाही घ्यायची होती. अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या आधाराने जंतूंची वाढ छताला लोंबणाऱ्या झुंबरांसारखी खाली उतरते. भांडे हलविले की ती तळाशी बसते, आणि वरती नवी वाढ सुरू होते. काही आठवड्यांनी तो सारा अर्क तापवून जंतू मारायचे आणि नासू नये म्हणून कार्बोलिक घालायचे. मेलेल्या जंतूंमुळे रोग होत नाही, पण शरीर त्यांची ओळख पटवून घेते आणि पुढे खरा शत्रू आला की सज्ज असते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस नेहमीच्या मात्रेहून कितीतरी मोठ्या प्रमाणात, दहा घनसेंटिमीटर, स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, आणि ते कामावर परतले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घेतली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि ६ मेले. घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली असे सांगितले जाते. परंतु तुरुंगाच्या भिंतीआड स्वेच्छेला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवतोच. चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे आम्हांस मान्य नाही.

ज्या आठवड्यांत हाफकिन मुंबईत लस बनवीत होते, त्याच आठवड्यांत पुण्यात एक म्हातारी स्त्री प्लेगच्या रोग्यांना उचलून आणीत होती. सावित्रीमाई फुले यांचे ते शेवटचे काम. मुलगा डॉ. यशवंत यांना बोलावून घेऊन हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर त्यांनी दवाखाना सुरू केला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीमाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या संसर्गानेच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आठ वर्षांनी डॉ. यशवंतही प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेले. सावित्रीमाई आणि हाफकिन यांची भेट झाली नाही. तरी आजाऱ्याची जात न विचारता त्याला हात लावणारी ही दोन माणसे एकाच साथीत, एकाच प्रांतात, एकाच वेळी राबत होती, हे आमच्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

त्याच काळात सरकारने साथरोगाचा कायदा केला, आणि पुण्यात सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. त्या जुलुमाचा शेवट रँड याच्या खुनात झाला. सक्तीच्या विलगीकरणापेक्षा लोकांनी राजीखुशीने घेतलेली लस अधिक उपयोगी पडेल, असे हाफकिन यांचे म्हणणे होते, आणि हळूहळू ते लोकांना पटत गेले. तिसरे आगाखान यांनी आपल्या खोजा समाजातील हजारो माणसांना लस घ्यायला लावली, आधी स्वतः घेतली, आणि माझगावचा खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. १८९८ साली बडोद्याजवळच्या उंधेरा गावी लसीची काटेकोर परीक्षा झाली. कुटुंबातील काहींना टोचायचे, काहींना नाही, आणि मग दोघांची तुलना करायची. ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांतील लस न घेतलेल्यांपैकी २७ जण आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेल्यांची संख्या अधिक असूनही त्यांच्यापैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. लस पूर्ण कवच नव्हती, तिचा परिणाम काही महिन्यांनी ओसरत असे, पण जगण्या-मरण्यातला फरक ती करीत होती.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली गेली. एकेकाळी गव्हर्नर राहत असत तो हा प्रासाद. ग्रंथपाल म्हणून सुरुवात केलेला एक निर्वासित ज्यू आता पन्नासाहून अधिक माणसांच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला होता. आणि येथेच त्याच्या आयुष्याला वळण लागले.

१९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान घातले होते. परळहून लसीच्या बाटल्या तिकडे जात होत्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल गावात १०७ जणांना टोचण्यात आले. आठवडाभरात त्यांच्यापैकी १९ जणांना धनुर्वात झाला, आणि ते सर्व मरण पावले. त्या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून, ५३ एन या क्रमांकाच्या बाटलीतून, टोचलेले होते. एकोणीस घरांवर आकाश कोसळले. त्या मृत्यूंचे कारण शोधणे आवश्यकच होते. परंतु शोध सुरू होण्याआधीच अपराधी ठरल्यासारखे झाले. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत थोडा बदल केला होता, त्याचे बोट धरून चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते देश सोडून गेले. परका, ज्यू, रशियातून पळून आलेला, वैद्यकीय पदवी नसलेला, आणि तरीही गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या वर बसलेला. अशा माणसावर दोष ढकलणे फार सोपे असते.

खरे काय घडले होते? बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्याने बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतले मूलही जाणते. शिवाय लस परळलाच दूषित झाली असती तर त्या जंतूंनी बाटलीत आठवडेच्या आठवडे विष साठविले असते आणि बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. ती आली नाही, असे टोचणाऱ्या डॉक्टराने नोंदविले होते. विष आधीच तयार असते तर लक्षणे दिसायलाही इतके दिवस लागले नसते. हे सारे पुरावे कागदोपत्री होते. वाचणाऱ्याला मात्र ते वाचायचे नव्हते.

चौकशीचे कागद १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले तेव्हा इंग्लंडमधील शास्त्रज्ञ पुढे सरसावले. हिवताप डासांमुळे होतो हे दाखवून देणारे रोनाल्ड रॉस आणि कलकत्त्यात हाफकिन यांच्यासोबत काम केलेले डब्ल्यू. जे. सिम्पसन हे त्यांत अग्रणी होते. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंतांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्या निर्दोषत्वाची बाजू मांडली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू सैनिकी अधिकाऱ्यावरचा देशद्रोहाचा खोटा आरोप बारा वर्षांनी पुसला गेला होता, त्यामुळे पुढे लोक मलकोवालच्या प्रकरणाला छोटे ड्रेफस प्रकरण म्हणू लागले. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले आणि कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमणूक दिली. परंतु परळ त्यांना परत मिळाले नाही, आणि माणसांवर नव्या लसीची परीक्षा घेण्याची मुभाही मिळाली नाही. कागदावरचा डाग गेला. मनातला संशय तसाच राहिला. डाग पुसला गेल्यावरही माणसाला पूर्वीच्या जागी बसू न देणारी ही रीत आपल्या समाजाने कार्यालयांत, कॉलेजांत, गावच्या पंचायतीत पुष्कळ पाहिली आहे.

हाफकिन यांच्याविना लस मात्र थांबली नाही. प्लेगने नागपूरलाही सोडले नव्हते. गिरण्यांच्या भोवतीच्या वस्त्यांत वर्षामागून वर्षे गाठीचा ताप येत राहिला. उंदीर पडू लागले की माणसे घरे सोडून माळावर झोपड्या घालीत. १९०१ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सव्वा लाखाहून अधिक होती, ती १९११ मध्ये एक लाखाच्या आसपास उतरली. वाढत्या गिरण्यांच्या शहराची लोकसंख्या घटावी यामागे प्लेगचा हात मोठा होता. या साथीने देशभरात एक कोटीहून अधिक बळी घेतले. १८९७ ते १९२५ या काळात परळच्या प्रयोगशाळेतून लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या. त्यांमुळे किती घरांतला दिवा विझायचा राहिला, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही. आपल्यापैकी कोणाच्या पणजोबांनी तो दिवा टिकवला असेल, हेही आज सांगता येत नाही.

हाफकिन १९१५ च्या सुमारास निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. त्यांनी लग्न केले नाही. उतारवयात ते आपल्या धर्माच्या आचाराकडे अधिक वळले आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. त्यांच्या धार्मिक मतांशी आपण सहमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या समाजाने त्यांना घडविले त्या समाजातील मुलांच्या शिक्षणाची आठवण त्यांनी शेवटी ठेवली, आणि लोकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या आमच्यासारख्या वसतिगृहाला तरी या गोष्टीचे मोल कळते. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. ज्या ठिकाणाहून त्यांना खाली मान घालून जावे लागले, त्याच ठिकाणी त्यांचे नाव लागले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९३० च्या ऑक्टोबरात, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

कोरोनाच्या काळात आमचे वसतिगृह ओस पडले होते. मुले गावी गेली होती, आणि १८९७ चा तोच जुना साथरोग कायदा पुन्हा बाहेर निघाला होता. पुढे लस आली तेव्हा आपल्याच वस्त्यांतील काही जाणती माणसेही मागे सरत होती. त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके फसवणूक आली त्यांनी नव्या गोष्टीकडे संशयाने पाहणे स्वाभाविक आहे. त्या दिवसांत आम्ही शिक्षकांनी कट्टल बागानच्या डॉक्टरांचा मार्ग धरला. आधी स्वतः घेतली, मग माजी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन घरोघरी गेलो, प्रश्न ऐकले, ठाऊक होते तेवढे सांगितले. रांग हळूहळू लांब झाली.

आजारी भिक्खूच्या अंगावरची घाण तथागतांनी स्वतःच्या हाताने धुतली, आणि आजाऱ्याची सेवा तीच आपली सेवा मानावी अशी शिकवण संघाला दिली, ही कथा आमच्या प्रार्थनासभेत दरवर्षी सांगितली जाते. यंदापासून तिच्यासोबत मुंढव्याच्या वाटेवरून मुलाला पाठीवर घेऊन चालणाऱ्या सावित्रीमाई आणि ग्रँट महाविद्यालयाच्या व्हरांड्यात तुपाचे थेंब निरखीत बसलेले हाफकिन यांचीही कथा सांगावी, असे आम्ही ठरविले आहे. येत्या जून महिन्यात पालकांच्या हातातील ते घड्या पडलेले कार्ड आम्ही हातात घेऊ, तेव्हा त्यावरील नोंदी अधिक आदराने वाचू. आपणही आपल्या मुलांची कार्डे जपून ठेवावीत, आणि त्यांनी विचारले तर ही कहाणी त्यांना सांगावी, एवढीच विनंती.

जय भीम!